रुई, सरकी आणि छाती : खामगाव-मलकापूरच्या जिनांतील धुळीचा इतिहास

कापसाच्या धुळीमुळे श्वासनलिकांना जडणाऱ्या आजाराला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. बिसस म्हणजे प्राचीन ग्रीकांचे तलम तागाचे वस्त्र. त्या शब्दावरून फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त यांनी १८७७ साली हे नाव रूढ केले. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हे त्यांचे पुत्र, आणि तेही जन्मभर दम्याने त्रस्त होते. या आजाराचे बहुतेक वर्णन सूतगिरण्यांत झाले. परंतु कापूस गिरणीत पोहोचण्याआधीच त्याची बरीचशी धूळ झडलेली असते, आणि ती झडते सरकी काढण्याच्या ठिकाणी, म्हणजे जिनात. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि जळगाव जामोद या गावांत हे काम दीडशे वर्षे चालत आले आहे. त्या दीडशे वर्षांत कापसातला कचरा, ओलावा, भेसळ आणि गाठीवरचा शिक्का यांवर कायदे झाले, समित्या नेमल्या गेल्या. तो कापूस हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांची नोंद मात्र फार थोडी झाली. याची काही कारणे कायद्यात आहेत, काही कामाच्या हंगामी स्वरूपात आहेत, आणि काही खुद्द आजाराच्या विकृतीत आहेत.

बुलढाण्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. तर रांगेच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, घाटाखालचे तालुके. घाटाखालची जमीन खोल, काळी, पाणी धरून ठेवणारी. कापूस मुख्यतः इथला. आजची जिल्ह्याची सीमा मात्र तुलनेने नवी आहे. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या फेररचनेत ते बुलढाण्याला जोडले गेले. त्याआधीचा खामगावचा इतिहास शोधणाऱ्याला अकोल्याची जुनी दप्तरे चाळावी लागतात ती यामुळे.

धूळ कशाची बनते हे समजण्यासाठी पऱ्हाटीकडे, म्हणजे कापसाच्या झाडाकडे, पाहावे लागते. बोंडाच्या बुडाशी तीन दातेरी हिरवी पाने असतात. बोंड उकलते तेव्हा ती वाळून ठिसूळ झालेली असतात. वेचणी हाताने होते. बोट घाईने चालले की या पानांचे तुकडे कापसाला चिकटून येतात आणि हाताळता हाताळता त्यांचा भुगा होतो. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस स्वच्छ असतो. शेवटच्या वेचणीत आणि फरदडीत पानांचा चुरा, माती आणि कवडी यांचे प्रमाण वाढते. या चुऱ्यावर जिवाणू आणि बुरशी वाढलेली असतात. कापूस ओला झाला, अवकाळी पावसात भिजला किंवा वजनासाठी त्यावर पाणी मारले, तर ती वाढ जोमाने होते. फुप्फुसाला खरी इजा करते ते या जिवाणूंच्या आवरणातले विष, म्हणजे एंडोटॉक्सिन. पांढरी रुई त्या मानाने निरुपद्रवी आहे. जिनातल्या कामगाराच्या केसांवर, भुवयांवर बसलेले तंतू डोळ्यांत भरतात, पण ते आकाराने मोठे असल्यामुळे नाकात आणि घशातच अडतात. आत खोलवर जाणारे कण काही मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे असतात. नाकातोंडावर बांधलेला पदर किंवा फडके तंतू थोपवते. सूक्ष्म कण त्याच्या विणीतून सहज पार होतात.

यंत्र येण्याआधी सरकी चरकीवर काढत. दोन लाटण्यांसारखे रूळ उलटसुलट फिरत, त्यांच्यामधून रुई पलीकडे जाई आणि सरकी अलीकडे पडे. हे काम घरात, ओसरीवर, मुख्यतः बायका करत. दिवसाकाठी निघणारी रुई थोडी, जागा मोकळी, त्यामुळे धुळीची दाटी होत नसे. त्यानंतरचे काम पिंजाऱ्याचे. धनुष्यासारख्या पिंजणीची तात मुठळ्याने छेडून तो रुई फुलवी. हिवाळ्याच्या तोंडाशी गाद्या-रजयांचे काम वाढे, आणि जुन्या गादीतली वर्षानुवर्षांची धूळ बंद खोलीत उडे. या व्यवसायात वरचेवर खोकला आणि धाप असणे हे नवलाचे नव्हे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात ताग आणि अंबाडी पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचे आणि दम्याचे वर्णन केले आहे. पिंजाऱ्याची धूळ त्याच जातीची.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या हवाली केले, आणि दहा वर्षांच्या आत त्या घटनेला अनपेक्षित महत्त्व आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. खामगावचा बाजार तेव्हा नवा नव्हता. १८२०च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे तूप, सूत आणि थोडा कापूस यांचा व्यापार सुरू केला होता. युद्धाच्या वर्षांनी त्याला मोठा केला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून नागपूरकडे जाणारा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. खामगाव मार्गाच्या बाहेर राहिले. कापसासाठी मग जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरची शाखा टाकण्यात आली आणि मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनासाठी आले. एका तालुक्याच्या गावातल्या कापूस बाजारासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या मालाचे मोल कळते.

रेल्वेमागोमाग वाफेवर चालणारी जिने आणि रुईच्या गाठी बांधणारी प्रेस आली. मॅकार्थी पद्धतीच्या जिनात चामड्याने मढवलेला रूळ फिरतो. रुईचे तंतू त्याला चिकटून स्थिर पात्याखालून ओढले जातात आणि सरकी पात्याशी अडून खाली गळते. हिंदुस्थानातल्या आखूड धाग्याच्या कापसाला ही रीत मानवली. अमेरिकेतली करवती दात्यांची जिने इथे फारशी रुजली नाहीत. पुढे दोन रुळांचे जिन आले आणि आजही तेच चालते. एका लांब शेडमध्ये अशी जिने रांगेने मांडलेली असतात. प्रत्येकाला कापूस लावण्यासाठी एक माणूस लागे, आणि पिढ्यानपिढ्या ती बहुधा बाई असे. पात्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कापसातली पाने आणखी बारीक होत आणि धूळ तिच्या तोंडासमोर उठे. हमाल कापसाचे बोजे आत आणून ओतत. निघालेली रुई काखेत किंवा टोपल्यांत भरून प्रेसकडे नेत आणि तिथे पायांनी तुडवून पेटीत दाबत. प्रेसमधल्या माणसाच्या भोवती धुळीचा ढग सर्वांत दाट असे. चामड्याच्या रुळांचा आणखी एक धोका नंतर लक्षात आला. कमावताना त्या चामड्यावर क्रोमियमची प्रक्रिया झालेली असते आणि रूळ झिजताना त्याचे कण धुळीत मिसळतात. म्हणून रबर आणि कापडाचे रूळ वापरण्याचे प्रयत्न भारतातल्या संशोधकांनी केले.

हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होई आणि होळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चाले. एवढ्या महिन्यांत सगळा माल उरकायचा म्हणून कामाच्या तासांना धरबंध नसे. १८८५च्या मुंबई फॅक्टरी आयोगापुढे शेजारच्या खानदेशातील जिनांबद्दल ज्या साक्षी झाल्या त्यांत पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या बायकांची वर्णने आहेत. मलकापूर आणि खानदेश यांच्यात कापसाच्या, मजुरांच्या किंवा मालकांच्या दृष्टीने फारसे अंतर नव्हते. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा मात्र वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता, आणि बरीच जिने त्यामुळे कायद्याबाहेर राहिली. १९०७ साली नेमलेल्या फॅक्टरी कामगार आयोगाने हंगामी कारखान्यांतल्या अमर्याद तासांकडे लक्ष वेधले आणि १९११च्या कायद्याने त्यांना कक्षेत घेतले. त्याच कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीला बंदी केली, परंतु जिन कारखान्यांसाठी सवलत ठेवली. हिवाळ्याच्या रात्री, दारे लावलेल्या शेडमध्ये, कंदिलाच्या उजेडात कापूस लावणाऱ्या बाईच्या छातीत किती धूळ जात असेल, याचा विचार त्या सवलतीत नव्हता.

याउलट कापसाच्या शुद्धतेची काळजी फार आधीपासून घेतली गेली. मुंबई सरकारने कापसातल्या लबाड्या रोखण्यासाठी १८६३ सालीच कायदा केला होता. १९२५चा कापूस सरकी-प्रेस कारखाने कायदा अधिक तपशीलवार होता. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक हवा, किती कापूस रेचला, म्हणजे त्याची सरकी काढली, आणि किती गाठी बांधल्या याची नोंदवही हवी, बिनरेचलेला कापूस एका दाराने आत यावा आणि रुई दुसऱ्या दाराने बाहेर जावी, प्रेसची जमीन फरसबंद असावी. दोन दारांचा हेतू निरनिराळ्या कापसांची मिसळ टाळण्याचा होता. वारा खेळणे हा त्या तरतुदीचा हेतू नव्हता. तरीही दोन दारांमुळे काही शेडमध्ये हवा खेळू लागली असेल, तर तो कामगारांचा योगायोगाने झालेला लाभ.

खामगावची गाठ मुंबईमार्गे लिव्हरपूलला आणि तिथून मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांत जाई. तिकडे तिला सरसकट ‘सुरती’ म्हणत, आणि ती आखूड आणि मळकट म्हणून लँकेशायरचे कामगार तिच्यावर नाराज असत. वऱ्हाडच्या पऱ्हाटीचा चुरा अशा रीतीने दोन खंडांतल्या माणसांच्या श्वासात गेला. वैद्यकीय नोंद झाली ती तिकडे. मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स फिलिप्स के यांनी १८३१ मध्येच गिरणी कामगारांच्या छातीच्या विकारावर लिहिले होते. बेल्जियममधील गेंट शहराच्या डॉक्टरांनी १८४५ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट टिपली: कामगारांना त्रास होतो तो सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी. १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरमध्ये पद्धतशीर पाहण्या करून या लक्षणांची प्रतवारी लावली. सोमवारी कधीतरी छाती आवळणे ही अर्धी पायरी, दर सोमवारी आवळणे ही पहिली, आठवड्याच्या इतर दिवशीही त्रास होणे ही दुसरी, आणि श्वसनक्षमता कायमची घटणे ही तिसरी. ही प्रतवारी आजही वापरात आहे.

सोमवारचे कोडे सुटते ते विकृतीकडे पाहिल्यावर. एंडोटॉक्सिन वायुकोशांत पोहोचले की तिथल्या भक्षक पेशी जाग्या होतात आणि दाहाचे संकेत देणारी रसायने सोडतात. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी श्वासनलिकांच्या भिंतीत धाव घेतात. पानांच्या चुऱ्यातील काही द्रव्यांमुळे हिस्टामिन सुटते, नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात आणि काही तासांनी छाती जड होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर त्या विषाला सरावते आणि प्रतिक्रिया मंदावते. सुट्टीत हा सराव ओसरतो, म्हणून कामावर परतण्याचा दिवस पुन्हा जड जातो. अगदी नव्या कामगाराला पहिल्या काही दिवसांत थंडी वाजून ताप येतो, अंग कसकसते. हाही त्याच विषाचा परिणाम, आणि तो आपोआप बरा होतो. दम्यापेक्षा हे वेगळे आहे. दम्याच्या रुग्णाच्या थुंकीत आणि नलिकांच्या भिंतीत इओसिनोफिल पेशींचा भरणा असतो, त्याची मुळे बहुधा वावड्यात असतात आणि तो काही मोजक्यांना होतो. कापसाची धूळ पुरेशी असेल तर वावडे नसलेल्यालाही सोडत नाही.

वर्षे सरतात तशी प्रतिक्रिया तात्पुरती राहत नाही. मोठ्या श्वासनलिकांतल्या श्लेष्म ग्रंथी फुगतात. निरोगी नलिकेत या ग्रंथींची जाडी भिंतीच्या सुमारे दोनपंचमांश असते; जुनाट खोकल्यात ती त्याहून बरीच वाढते. अस्तरावर कफ तयार करणाऱ्या पेशी दाटीवाटीने वाढतात, कचरा वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी कमी होतात आणि स्नायूचा थर जाड होतो. कफ साठतो, त्यात जंतू वाढतात, आणि सकाळी उठल्याबरोबर खोकून खोकून बेडके काढण्याची सवय होते. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने कफाचा खोकला असेल तर वैद्यक त्याला जुनाट ब्राँकायटिस म्हणते. दर वर्षी हंगामभर काम करणाऱ्या बाईच्या खोकल्याला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. हंगाम संपला की तो थोडा कमी होतो आणि पावसाळ्यात ती बरी झाली असे घरच्यांना वाटते.

या आजाराचे वेगळेपण, आणि दुर्लक्षाचे एक मोठे कारण, हे की तो फुप्फुसावर स्वतःची खूण ठेवत नाही. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये टणक गाठी बनतात आणि क्ष-किरण चित्रात त्या दिसतात. बिसिनोसिसचे चित्र बहुतेकदा स्वच्छ असते. शवविच्छेदनात मधूनमधून काळसर गाभ्याचे पिवळट कण सापडतात, पण ते नेहमीच असतील असे नाही. एरवी जे दिसते ते जुनाट ब्राँकायटिसपेक्षा फारसे निराळे नसते. विड्या ओढणाऱ्यात दोन्ही नुकसाने एकमेकांवर चढतात आणि कोणते कशाचे हे पेशी पाहून सांगता येत नाही. पुरावा मिळतो तो फुंकण्याच्या चाचणीत: कामाला लागण्यापूर्वी आणि पाळी संपल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजायचे. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी रचलेल्या स्पायरोमीटरचे हे काम. ते यंत्र जिनाच्या फाटकापर्यंत नेले, तेही सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी, तरच आजार सापडतो. आणि हंगामाच्या भरात अनेक जिने सुट्टीच देत नाहीत. मग सोमवारचे लक्षण उमटायला सोमवारच उरत नाही. जिथे आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी असते, तिथे बाजाराचा दुसरा दिवस हाच सोमवार.

धुळीने कमजोर झालेल्या छातीवर साथींचा मारा झाला. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली दुसरी लाट प्राणघातक ठरली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबई-नागपूर मार्गावरचीच. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि कापूस वेचणीचे दिवस तोंडावर होते. विषाणू श्वासनलिकांचे अस्तर सोलून काढी; उघड्या पडलेल्या भिंतीतून न्यूमोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस आत शिरत. वायुकोश आधी रक्ताने, मग पुवाने भरत. न्यूमोनियाने घट्ट झालेले फुप्फुस कापल्यावर यकृतासारखे दिसते, म्हणून विकृतिशास्त्रात त्या अवस्थेला यकृतीभवन म्हणतात: आधी तांबडे, नंतर करडे. त्या साथीत अनेकांचा त्या अवस्थेला पोहोचण्याआधीच, ओठ-नखे निळी पडून मृत्यू झाला.

क्षयाची गोष्ट अधिक लांबणारी. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, त्या सुमारास घाटाखाली जिनांची वाढ होत होती. बंद शेड, शेजारीशेजारी बसलेली माणसे, अर्धपोटी राबणे, आणि हंगामापुरत्या बांधलेल्या झोपड्यांतली दाटी ही क्षयाला पोषक परिस्थिती. फुप्फुसात क्षयाची गाठ बनते; तिच्या मध्यभागातल्या पेशी मरून पनीरासारखा मऊ गर होतो, भोवती अनेक केंद्रके असलेल्या राक्षसपेशी आणि लिंफोसाइट यांचे कडे पडते. गर नलिकेत फुटला की पोकळी राहते आणि खोकल्यातून जंतू बाहेर पडतात. जिनातल्या खोकणाऱ्या कामगाराकडे डॉक्टरने पाहिले तर पहिली शंका क्षयाचीच येई, आणि ती रास्त होती. अडचण अशी की थुंकीत जंतू नाही, चित्रात पोकळी नाही, असे ठरल्यावर बहुतेक ठिकाणी तपास तिथेच थांबे. धुळीचा प्रश्न विचारलाच जात नसे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षय रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की रुग्णाला आरोग्यधामात ठेवण्याची गरज नाही, घरी राहून औषधे घेतली तरी तो बरा होतो. १९६२च्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाचा पाया तोच, आणि त्यामुळे खेड्यातल्या कामगारापर्यंत क्षयाची औषधे पोहोचली. बिसिनोसिससाठी असा कोणताही कार्यक्रम आखला गेला नाही.

भारतात हा आजार आहे की नाही, याबद्दलच काही काळ शंका घेतली जात असे. शंका मिटवली ती गिरणगावाने. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या पाहण्या केल्या आणि बिसिनोसिस ठळकपणे दाखवून दिला. अहमदाबादला १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनेही गुजरातच्या गिरण्यांत असे काम केले. जिनांविषयीचा भक्कम पुरावा मात्र आधी परदेशातून आला. १९६९ मध्ये सुदानमधील सरकी काढणाऱ्या कामगारांच्या पाहणीत बिसिनोसिस आढळल्याचे प्रसिद्ध झाले. रूळ, पाते, हाताने कापूस लावणे हे सारे तिथेही सारखेच.

स्वतंत्र भारताच्या कायद्यांत या आजाराचे नाव आहे. १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरने सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, बिसिनोसिस होता. त्याच कायद्याचे कलम १४ धूळ उगमाशीच खेचून काढण्यास सांगे, तर कलम २७ नुसार कापूस फोडण्याचे यंत्र चालू असलेल्या प्रेसच्या भागात स्त्रिया आणि मुले यांना काम देता येत नसे. यंत्राचे तोंड छतापर्यंतच्या भिंतीने वेगळे केले असेल तरच त्या बाजूला त्यांना काम देता येई. कर्मचारी राज्य विमा कायदाही १९४८चाच. त्याच्या अनुसूचीत कापूस, ताग आणि अंबाडीच्या धुळीने होणारा आजार भरपाईयोग्य म्हणून नोंदलेला होता. परंतु तो कायदा हंगामी कारखान्यांना लागू होत नसे, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव सरकी काढण्याचे होते, त्यापाठोपाठ गाठी बांधण्याचे. मुंबईच्या गिरणीत सूत काढणारा कामगार विम्याच्या रुग्णालयात जाऊ शके. त्याच कापसाची सरकी खामगावला काढणारी बाई जाऊ शकत नसे. धूळ तिच्या वाट्याला अधिक आली आणि हक्क कमी. अमेरिकेतही असेच घडले. तिथल्या १९७८च्या कापूस धूळ नियमाने सूत काढण्याच्या विभागात एका घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, आणि जिने त्या मर्यादेबाहेर राहिली.

१९७२च्या हंगामापासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालायचा, आणि महासंघाने तो जिनांकडून रेचून घ्यायचा. योजनेची आर्थिक चर्चा भरपूर झाली आहे. छातीच्या दृष्टीने तिचा एक परिणाम सांगण्याजोगा आहे: आवक एकदम झाली की जिनांच्या आवारात कापसाच्या घरांएवढ्या गंज्या लागत आणि आठवडेच्या आठवडे पडून राहत. दव, एखादा पाऊस आणि आतली ऊब यांत जिवाणूंना वाव मिळे. अशी गंजी फोडणाऱ्या हमालाच्या तोंडावर येणारी धूळ ताज्या कापसाच्या धुळीपेक्षा घातक असे. हंगामही लांबत जाई, आणि फुप्फुसाला मिळणारी पावसाळ्याची विश्रांती तेवढी आखूड होई.

पऱ्हाटीचा संबंध जिनाशी संपत नाही. कापूस निघून गेल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या काड्या उपटून, मोळ्या बांधून घराशी आणतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. सोबत तुरकाठ्या असतात. काडी लवकर पेटते, लवकर विझते, म्हणून तिला सतत फुंकावे लागते आणि धूर दाटतो. दिवसा जिनात धूळ घेणारी बाई संध्याकाळी हा धूर घेते. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकात दाखवले की उत्तर भारतातल्या धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्ये फुप्फुसामुळे उजवे हृदय निकामी होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्याचा संबंध त्यांनी चुलीच्या धुराशी जोडला. धुराने होणाऱ्या जुनाट अडथळ्याच्या आजारात बारीक नलिकांच्या भिंती जाड होतात आणि वायुकोशांमधले पडदे झिजतात. निरोगी फुप्फुसात तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. पडदे गेले की अनेक लहान कोशांचा एक मोठा, ढिला फुगा होतो. या वातस्फीतीचे वर्णन फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये, स्टेथोस्कोपवरच्या आपल्या ग्रंथात केले. श्वास आत जातो पण सुखाने बाहेर येत नाही. रक्तवाहिन्यांचे जाळे आक्रसते, उजव्या हृदयावर ताण येतो, पाय सुजतात. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आणला. पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूल अनेक घरांत राहिलीच, कारण काड्या फुकट मिळतात.

जिनांत मोठा बदल झाला तो २०००च्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेनंतर. भारतीय कापसातला कचरा कमी करून त्याला चांगला भाव मिळावा, हा त्या मोहिमेचा हेतू. अनुदान घेऊन नूतनीकरण केलेल्या जिनांत कापूस जमिनीवर न ओतता नळीतून हवेने खेचला जातो, सफाई यंत्रातून जातो, पट्ट्यावरून प्रत्येक जिनावर आपोआप पडतो, आणि रुई हातांचा स्पर्श न होता १७० किलोच्या गाठीत बांधली जाते. जिनामागे एक बाई ही रांग त्या शेडमधून गेली. यात बायकांचा रोजगार गेला हे खरे, आणि कापूस लावताना तोंडावर येणारी धूळ गेली हेही खरे. धूळ नाहीशी झाली नाही. तिची जागा बदलली. गाड्या रिकाम्या करण्याचे आवार, नळीच्या तोंडाशी कापूस लोटणाऱ्यांची जागा, सफाई यंत्राखालचा कचरा उपसण्याची खोली, सरकी पोत्यांत भरण्याचा विभाग आणि धूळ साठवणाऱ्या कोठीची साफसफाई ही आजची धुळीची ठिकाणे. तिथली माणसे बहुधा ठेकेदारामार्फत आलेली, एका हंगामापुरती असतात. पंखा धूळ बाहेर ओढतो तेव्हा ती कुठे सोडली जाते हेही पाहावे लागते. चक्रवाती विभाजक किंवा कापडी गाळणी नसेल तर ती आवारात आणि शेजारच्या वस्तीत उतरते.

तपासणीची रीत साधी आहे आणि महागही नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाची फुंकण्याची चाचणी. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर ती पुन्हा. ज्याची हवा पाळीअखेर दहा टक्क्यांहून अधिक घटली त्याला धुळीच्या जागेवरून हलवणे. पहिल्या पायरीवरचा आजार धुळीपासून दूर गेल्यावर मागे फिरतो, तिसऱ्या पायरीवरचा फिरत नाही. खोकल्याच्या रुग्णाच्या कागदावर त्याचा धंदा आणि त्या धंद्यातले हंगाम लिहिले, तर खामगाव-मलकापूरच्या दवाखान्यांतही या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखता येतात.